मामाचं आडनाव

आमच्या जालना जिल्ह्यात कुणी कुणाला जात विचारत नाही. तसं विचारणं वाईट दिसतं, आणि वाईट दिसायला कुणालाच आवडत नाही. माणसं आडनाव विचारतात. आडनावानं काम भागलं नाही तर गाव विचारतात. गावावरूनही पत्ता लागला नाही तर हसत हसत म्हणतात, "मंग पाहुणे कोणते तुमचे?" पाहुणे म्हणजे सोयरे, लग्नसंबंधातली माणसं. आणि तिथंही गाडी अडली की शेवटचा प्रश्न येतो, मामाचं आडनाव काय? वडिलांचं आडनाव फसवं निघू शकतं, कारण एकच आडनाव गावातल्या चार आळ्यांत असतं. आईचं माहेर हाती लागलं की मात्र माणूस बरोबर त्याच्या जागेवर ठेवता येतो. मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद पसरतो. मला त्या आनंदाची लहानपणापासून चीड आहे.

माझं आडनाव असंच फसवं आहे. ते मी इथं लिहिणार नाही. जातही लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नाही, तर तुम्ही एव्हाना शोधायला लागला असाल म्हणून. शोधा. मी मदत करणार नाही.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या पलीकडं. गावात आमच्याच आडनावाचं एक मोठं घर आहे, वेशीच्या आत, उंच ओट्याचं. आमचं घर वेशीच्या बाहेर. त्यांच्याकडच्या लग्नपत्रिका कधीकधी चुकून आमच्याकडं यायच्या. वडील त्या नेऊन द्यायचे, ओट्याखाली उभे राहून. वरून कुणीतरी हात खाली करून पत्रिका घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमचं आडनाव बदलून टाका राव, लई घोटाळा व्हायलाय." सगळे हसायचे, वडीलही हसायचे. मी मात्र हसायचे नाही, आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खायचे.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला होता. तो आम्हा दोघींना घेऊन गेला. आई बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला लागली आणि मी शिकायला लागले. आमच्या नादात मामाचं स्वतःचं लग्न राहून गेलं. मिलमध्ये लालभडक सळई बाहेर येते, ती चिमट्यानं धरून पुढं सरकवायची, हे त्याचं काम. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत, म्हणून तो भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. माझी कुठलीही परीक्षा झाली की संध्याकाळी तो समोर बसून विचारायचा, "काय काय इचारलं?" मी वनस्पतिशास्त्र घेतल्यावरही विचारायचा. उत्तरांत त्याला रस नव्हता. प्रश्न तेवढे सगळे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "अवघड इचारलं बाई."

मी पीएच.डी. केली ती बियाण्यांच्या उगवणीवर. आई ज्या डाळींचं बी निवडत होती, त्याच डाळींवर. डॉक्टर झाले त्या दिवशी मामानं मिलमध्ये पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की ही सुई टोचणारी डॉक्टर न्हाई, त्याच्यापेक्षा मोठी हाये.

मग मोठी डॉक्टर नोकरी शोधायला निघाली.

आधी बदनापूरला एका कॉलेजात होते. स्टेशनजवळ खोली बघायला गेले तर घरमालकीणबाई आडनाव ऐकून एकदम गोड झाल्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत गाव झालं, पाहुणे झाले, मामा झाला. मामा झाल्यावर त्यांना आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. मी नंतर जालन्याहून रोज रेल्वेनं जाऊन-येऊन तिथं शिकवलं. जाता-येता त्या खोलीचं कुलूप दिसायचं. पुतण्या काही आला नाही.

तिथून विद्यापीठाच्या विभागात आले. विभाग जालना शहराच्या कडेला आहे, घरापासून जवळ. नेमणूक तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी आहेत. शिकवाल तेवढ्या तासांचा मोबदला, सुट्टी लागली की तुम्ही कुणी नाही, आणि जून उजाडला की पुन्हा कागद घेऊन त्याच दारात उभं राहायचं. अभ्यासक्रमाचा निम्मा भार मी उचलत होते. प्रयोगशाळेच्या चाव्या माझ्याकडं असायच्या. पोरं सुट्टीच्या दिवशीही मला फोन करायची. पण विभागाच्या दारावर ज्या पाट्या होत्या, त्यांत माझी नव्हती. तरी मी टिकून राहिले, कारण कधीतरी जागा निघणार होती, आणि निघाली की ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

जागा निघाली. खुल्या प्रवर्गातली, एकच. मी अर्ज भरायला लागले तर विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, घाई करून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. "तुमची जागा येईल ना पुढच्या जाहिरातीत."

"माझी जागा म्हणजे?"

"म्हणजे… तुम्हाला माहीते मला काय म्हणायचं ते."

"सर, ही बिलकुल माझीच जागा आहे. इथं रोज मीच शिकवते."

"तसं न्हाई हो. लोकांना वाटतं, यांना त्यांची वेगळी असताना हे इकडं कशाला येऊन राह्यले."

हे 'इकडं' आणि 'तिकडं' मला कुणीतरी नकाशावर दाखवावं. राखीव जागा निघाली तर म्हणायचं, हिला फुकटात मिळाली. खुल्या जागेवर बरोबरीनं उभी राहिले तर म्हणायचं, हिची जागा वेगळी. मी कुठंही उभी राहिले तरी दुसऱ्याच्या पायावर पाय पडतो. मी केबिनमधून उठले आणि अर्ज केला. अर्ज खुल्या जागेचा, त्यामुळं त्यात माझी जात कुठं आली नाही. आडनाव मात्र आलं.

मुलाखतीसाठी बसनं विद्यापीठाच्या मुख्य आवारात गेले तर बाहेरच्या व्हरांड्यात एका दारावर नवीकोरी पाटी होती, 'समान संधी कक्ष'. दाराला कुलूप होतं आणि पाटीखाली कुणीतरी फरशी पुसायचा मॉप टेकवून ठेवला होता. मी आईची साडी नेसले होते आणि निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होते. या नोकरीनं मामाची मिल सुटणार होती. मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण घरातल्या तिघांनाही ते माहीत होतं. त्याला आता सळईची धग सोसत नव्हती. रात्री खोकायचा तो वेगळाच.

आत समितीचे अध्यक्ष होते, बाहेरगावचे एक विषयतज्ज्ञ होते, आणि नियमात बाई लागते म्हणून बसवलेल्या एक प्राध्यापिका. अध्यक्षांची मराठी एकदम छापील. "आपला परिचय द्या" वगैरे. मी परिचय दिला. विषयतज्ज्ञांनी प्रश्न सुरू केले आणि माझी भीती गेली, कारण मला ते येत होतं. त्यांनी विचारलं, उगवणीची चाचणी घेताना मुगाचं कठीण बी निघालं, शेवटपर्यंत पाणीच न प्यालेलं, तर ते मेलेल्यांत धरायचं का? मी म्हटलं, नाही सर, ते उगवणाऱ्यांतच धरायचं. त्याचं कवच टणक असतं, पाणी आत जायला वेळ लागतो एवढंच. मग त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं, फळ्यावर आकृती काढली. एका ठिकाणी ते म्हणाले, हे मला नवीन आहे. विषयतज्ज्ञानं असं म्हणावं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या लोकांना कळेल.

अध्यक्ष खुर्चीत सैल झाले होते. त्यांनी माझा अर्ज पुन्हा हातात घेतला, आडनाव बघितलं आणि गाव बघितलं.

"अगं, तू आमच्या भागातलीच की!" ते म्हणाले. छापील मराठी गेली, त्यांची खरी भाषा आली. 'आपण'ची एकदम 'तू' झाले मी. "पिंपळगावच्या पुढं ना? त्या मोठ्या घरातली का तू? तुझ्या चुलत्याच्या लग्नात मी आल्तो. काय पंगत उठली होती!" मग विषयतज्ज्ञांकडं वळून म्हणाले, "बघा सर, आमच्या भागातली पोरगी केवढं काम करून राह्यली. बाहेरचे उमेदवार कशाला लागतात मंग?"

माणूस मनापासून खूश झाला होता. प्राध्यापिकाबाई हसल्या. विषयतज्ज्ञ हसले. नोकरी माझ्या पदरात पडली होती, फक्त ती माझ्या कामामुळं पडत होती की त्या ओट्यामुळं, एवढंच ठरायचं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं हसून गप्प बसायचं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "ते घर वेगळं. आमचं फक्त आडनाव एक आहे."

"मंग धाकली भावकी का?"

"नाही सर."

"मंग पाहुणे कोणते तुमचे?"

"सर, पाहुणे जालन्यातच आहेत."

ते अजून हसतच होते, पण आता कोडं सोडवणाऱ्याचं हसू होतं. बोटानं टेबलावर ताल धरला. "मामाचं आडनाव काय तुझ्या?"

हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या कोणत्या शाखेत येतो, असं विचारायला हवं होतं. आज लिहिताना सुचतं. हे प्राध्यापिकाबाईंना सुचायला हवं होतं, विषयतज्ज्ञांना सुचायला हवं होतं. तिघं शिकलेली माणसं बसली होती, एका बाईची परीक्षा घेत होती, आणि त्यातलं कुणी म्हणालं नाही की राहू द्या, याचा इथं काय संबंध. तिघंही उत्तराची वाट बघत होती. अगदी उत्सुकतेनं.

चालणारी दोन-तीन आडनावं माझ्या जिभेवर होती. आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही ती पाठ असतात. पण ज्या माणसानं मला या खुर्चीपर्यंत आणलं, त्याचंच नाव या खुर्चीत बसून गिळायचं? मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मी मामाचं आडनाव सांगितलं. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच सांगितलं.

"असं होय," अध्यक्ष म्हणाले.

ताल थांबला. त्यांनी अर्ज खाली ठेवला, चष्मा सारखा केला, आणि छापील मराठी परत आली. "आपण हा अर्ज खुल्या जागेसाठी केलेला आहे?"

"हो सर."

"आपल्यासाठी स्वतंत्र तरतूद असते, याची आपल्याला कल्पना असेलच."

"आहे सर. पण खुली जागा म्हणजे सगळ्यांना खुली ना?"

"नियमाप्रमाणे बरोबर आहे," ते म्हणाले, आणि नियम हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू तो माझाच काहीतरी वात्रटपणा असावा. "ठीक आहे. आपण येऊ शकता."

थोड्या वेळापूर्वी मी 'तू' होते. जन्मभर मला कुणी 'तू' म्हटलं की राग यायचा, आणि त्या दिवशी 'आपण' ऐकून अंगावर थुंकल्यासारखं वाटलं. विषयतज्ज्ञ फळ्यावरच्या माझ्या आकृतीकडं बघत होते. माझ्याकडं बघायचं नव्हतं, म्हणून तिकडं.

घरी आल्यावर मामा नेहमीसारखा समोर येऊन बसला. "काय काय इचारलं?" मी कठीण बियांचं सांगितलं, आकृतीचं सांगितलं, विषयतज्ज्ञ काय म्हणाले ते सांगितलं. त्यानं एकेक प्रश्न ऐकला आणि खूश होऊन म्हणाला, "मंग तर झालंच." तो शेवटचा प्रश्न मी त्याला सांगितला नाही. कसा सांगणार होते? तो प्रश्न त्याच्याबद्दल होता.

निकाल लागला. कुणाचीच निवड नाही. 'योग्य उमेदवार आढळला नाही.' एवढंच वाक्य. मी ते मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्यातल्या 'आढळला' या शब्दाचाच सगळ्यात जास्त राग आला. आढळला नाही म्हणे! जंगलात बिबट्या आढळत नाही तसा. मी समोर बसले होते. खडूनं हात पांढरे करून उभी होते. तुम्हाला मी आढळले, चांगली आढळले, तुम्ही मला तुमच्या पाहुण्यांत जमा करायला निघाला होतात. मामा आढळला तेव्हा मी आढळेनाशी झाले.

आणि दोनच दिवसांनी विभागप्रमुखांचा फोन. "मॅडम, सोमवारचा पहिला तास तुमचाच धरलाय. जागा तर भरली न्हाई, मंग शिकवणार कोण? तासिकेवर या तुम्ही."

"सर, अयोग्य बाईच्या हाती पोरं कशी काय देता?"

"मनावर घेऊ नका, मॅडम."

मनावर घेऊ नका. लाथ मारायची त्यांनी, आणि मन आवरायचं मी. आमच्या लोकांना आयुष्यात जेवढ्या वेळा 'मनावर घेऊ नका' ऐकावं लागतं, तेवढ्या वेळा कुणी 'चुकलो' म्हटलं असतं तर देश कुठच्या कुठं गेला असता. मी फोन ठेवला आणि विद्यापीठात गेले. समान संधी कक्षाचं कुलूप त्या दिवशी उघडं होतं.

आत एक अधिकारी बसले होते. तरुण होते, वागायला सभ्य. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मी मामाच्या प्रश्नाशी आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांना समजलं होतं. मग संगणकावर माझा अर्ज काढून बराच वेळ बघत बसले.

"मॅडम, अडचण आहे," ते म्हणाले. "तुम्ही खुल्या जागेवर अर्ज केलाय. यात तुमची जातच नाही."

"बरोबर. खुल्या जागेला ती लागत नाही."

"म्हणजे कागदाप्रमाणे समितीला तुमची जात माहीत नव्हती. माहीत नव्हती तर मग भेदभाव झाला असं कसं म्हणता येईल?"

"त्यांनी विचारून घेतली, हेच तर सांगतेय मी तुम्हाला!"

"त्यांनी जात विचारली का?"

"मामाचं आडनाव विचारलं."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले, अगदी हळू, समजुतीच्या सुरात. "मामाचं आडनाव विचारू नये असा नियम नाही आपल्याकडं."

मी ओरडले. खोटं कशाला बोलू, चांगली ओरडले. म्हटलं, पाटी काढा ती दारावरची, आणि तिथं कुलूपच ठेवा, निदान लोकांचा बसचा खर्च वाचेल. शिपाई आत येऊन बघून गेला. तक्रार मी लिहूनच दिली. अधिकाऱ्यांनी ती घेतली आणि पोच दिली. तिचं काय झालं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घरी पोहोचले तेव्हा मामा जेवत होता. आईनं विचारलं, कुठं गेल्तीस, तोंड असं का? मी ठरवलं होतं की याच्यासमोर बोलायचं नाही. पण राग असा चढला होता की सगळं भडाभडा बाहेर आलं. अध्यक्ष, मोठं घर, चुलत्याचं लग्न, पाहुणे. आणि तो प्रश्न. आईचा हात भाकरीवर थांबला.

मामा म्हणाला, "मंग तू काय सांगितलं?"

"तुझंच सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगणार?"

त्यानं ताटातच हात धुतला. मला वाटलं आता हा उठेल, शिव्या देईल, त्या अध्यक्षाच्या सात पिढ्या काढेल. मला ते हवं होतं. माझ्याइतकं चिडलेलं कुणीतरी मला त्या घरात हवं होतं. आई तर रडायलाच लागली होती, आणि रडण्याचा मला तेव्हा काही उपयोग नव्हता.

मामा विचार करत बसला. चिडला नाही. शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतल्या आणि म्हणाला, "पुढच्या येळंला तुझ्या आईच्या मावसभावाचं सांगत जाय. त्येचं आडनाव दोन्हीकडं चालतंय."

"मामा, काय बोलतोस तू?"

"आगं, खोटं थोडंच हाये? मावसभाऊ बी भाऊच की. मंग तो बी तुझा मामाच लागला." त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. अडलेलं काम मार्गी लागल्यासारखा तो बोलत होता. "कुणी इचारलं तर बिलकुल थांबायचं न्हाई. धडाधडा सांगायचं."

मग त्यानं मला त्या माणसाचं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, गावात घर कोणत्या बाजूला ते सांगितलं. आणि मला पाठ व्हावं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.